नवसाची कॉफी

"रूझे, कुणाच्या घरात पाऊल टाकलंस तर आधी त्यांची कॉफी पी, मग तोंड उघड. तू काय बोललीस ते लोक विसरतील, पण न पिता उठलीस तर ते तुझ्या नातवंडांनाही सांगतील."

आईने हे मला लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. लग्न करून मी जाणार होते चार दारं सोडून पलीकडे, पण सूचना अशा सुरू होत्या की जणू मला समुद्रापार पाठवतायत. त्यातल्या बाकीच्या सगळ्या मी विसरले. ही एक लक्षात राहिली, आणि नेमकी हीच मोडली. तीही देवाच्या नावाने, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

मी तशी निरुपद्रवी बाई आहे. बुधवारी आणि शुक्रवारी पाव आणि पाण्यावर राहते, संध्याकाळी जपमाळ ओढते, मंगळवारी संत आंतेपुढे मेणबत्ती लावते. आवाज इतका बारीक की खाटीक मला नेहमी मागच्या बाईने मागितलेलं मटण देतो, आणि मी ते घेऊन येते. अशा बाईने लोकसेवेच्या भानगडीत पडू नये. पण आमच्या गावात 'कोमशिलुक' नावाची संस्था आहे. कोमशिलुक म्हणजे शेजारधर्म. फ्रान्सिस्कन मठाचे फ्रा याको, मशिदीचे इमाम सेनाद आणि ऑर्थोडॉक्स देवळाचे पाद्री विदोये असे तिघे मिळून ती चालवतात. म्हाताऱ्यांना औषधं पोचवणं, हिवाळ्यात सरपण, पुरात घर गेलेल्यांना भांडीकुंडी, अशी कामं. आमच्याकडे तिन्ही प्रार्थनाघरं एकमेकांच्या सावलीत उभी आहेत आणि तिन्हींची छपरं गळतात, त्यामुळे तिघांचं एकमेकांवाचून चालतही नाही.

या वसंतात संस्थेने आमच्या चढावरची दगडी पाणपोई पुन्हा सुरू करायचं ठरवलं. ती बांधली आमच्या वरच्या घरातल्या शेफिकामावशीच्या सासऱ्यांनी. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचावं, असा तो हिशेब. मागल्या पुरानंतर दरड सरकली, नळ फुटला आणि पाणपोई कोरडी पडली. आता शेफिकामावशीचा मुलगा नेर्मिन तिला कायमचं जर्मनीला, श्टुटगार्टला न्यायला येणार होता. जुर्जेव्दानचा सण झाला की निघायचं, असं ठरलं होतं.

"घर बंद होईल, त्याचं काही नाही," मावशी मला म्हणाली. "पण जायच्या आधी त्या पाण्याची एक कॉफी प्यायची होती गं. सून झाले तेव्हा या घरात पहिली कॉफी मी त्याच पाण्याची केली होती."

"पिशील, मावशी," मी म्हणाले. "मी शब्द देते."

शब्द देऊन थांबायला हवं होतं. पण मला अर्धवट काही जमत नाही. त्याच संध्याकाळी मी संत आंतेपुढे उभी राहिले आणि नवस बोलले की पाणपोईला पाणी येईपर्यंत कॉफी पिणार नाही. दारू मी पीत नाही, गोड फारसं खात नाही. सोडण्यासारखं तेवढंच होतं. घरी येऊन कॉफी उकळायची लांब दांड्याची तांब्याची जेझ्वा घासली आणि खिडकीत पालथी ठेवली. स्तिपोला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगावं लागलं, कारण सकाळी उठल्याबरोबर तो त्या जेझ्वाकडे बघून दिवस ओळखतो. बाकी कुणाला नाही. उपास मिरवायचा नसतो, तो झाकूनच करायचा असतो, हे मला लहानपणापासून पाठ.

"म्हणजे मी आता कोपऱ्यावरच्या कॅफेत जायचं?" स्तिपोने विचारलं.

"जा."

"संत आंतेचं भलं होवो," तो म्हणाला. हे वाक्य त्याने इतक्या मनापासून पूर्वी कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेची बैठक झाली. नवा नळ मुनिबाच्या परड्यातून आणि योवांकाच्या अंगणातून न्यायचा होता, कारण दुसऱ्या बाजूला नुसता कातळ. दोघींची संमती कोण आणणार? तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले, पण माझं नाही कुणाला ऐकू जात नाही. बैठकीत कॉफी आली तेव्हा मात्र माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. संमती मागायला जायचं म्हणजे लोकांच्या घरात जायचं. आणि आमच्याकडे कुणाच्या घरात जायचं म्हणजे काय, ते आईने सांगून ठेवलं होतं. रमजान असता तर निदान मुनिबाकडे दिवसा सुटका होती. तो नुकताच होऊन गेला होता.

मुनिबाने माझ्यासमोर तबक ठेवलं.

"आज नको गं," मी हळूच म्हणाले. "पाणी दे."

"पोट बिघडलंय?"

"नाही."

"रक्तदाब?"

"नाही गं, बरी आहे मी."

"मग मी काही केलंय का?"

"छे, तू काय करणार?"

खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही. या दोन कुंपणांच्या मधे जेवढी जागा असते तिच्यात मी हसत उभी राहिले. मुनिबाने तबक उचललं. नळाचा विषय मी काढला खरा, पण ती खिडकीतून बाहेर बघत होती. "बघू," म्हणाली.

तीन दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा नको म्हणाले. त्यानंतरच्या खेपेला तिने जे केलं ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण आमच्यातल्या कुणालाही ऐकूनच घाम फुटेल. आमच्याकडे पाहुण्याला कॉफी तीनदा होते. एक येण्याची, एक बोलण्याची, आणि बसणं फारच लांबलं की तिसरी, तिचा अर्थ 'आता उठा'. मुनिबाने मला दारातच, चपला काढायच्या आत, तिसरी कॉफी आणून दिली. ती तिसरीच आहे हे कसं कळलं? तबकात साखर नव्हती आणि तिच्या चेहऱ्यावरही नव्हती.

मग मी योवांकाकडे गेले. योवांका आणि मुनिबा यांच्यात एका प्लमच्या झाडावरून किती वर्षं अबोला होता ते त्यांनाही आठवत नसेल. झाड एकीचं, फांद्या दुसरीकडे. त्यामुळे मुनिबाकडचं तिकडे पोचलेलं नसणार, एवढा माझा भाबडा हिशेब.

"कप दोनदा धुतलेत," योवांका दारातच म्हणाली.

"अगं, कपाचं काही नाही—"

"मग रादेने काही म्हटलंय का तुला? तो म्हणतो काहीबाही."

"नाही, रादेभाऊ कशाला काय म्हणतील?"

"उपास आहे म्हणशील तर उपास मला शिकवू नकोस. मी तेलाशिवाय चाळीस दिवस काढते. कॉफी सोडायचा उपास तुमच्या पोपने नवा काढला असेल तर सांग."

तिचा नवरा रादे कोपऱ्यात बसून टोमॅटोच्या रोपांचे खुंट तासत होता. तो एकदाच बोलला. "अंगण खणायचं नाही. मुळं दुखावतात." टोमॅटोबद्दल इतका हळवा माणूस मी पाहिला नव्हता. तेव्हाच संशय यायला हवा होता.

नंतर कानावर आलं की मुनिबा म्हणते, "माझ्या घरात हिच्या घशाखाली घोट उतरत नाही, आणि हिचा नळ माझ्या परड्यातून ढसाढसा प्यायचा?" हे योवांकाला इतकं पटलं की ती स्वतः उठून, त्या झाडाखालून वाकून, मुनिबाकडे गेली. आणि मुनिबाने तिला पहिली कॉफी दिली, मग दुसरी दिली. तिसरी दिलीच नाही. त्या दिवसापासून दोघी रोज दुपारी एकत्र बसायला लागल्या. विषय एकच, मी.

बैठकीत इमाम सेनाद म्हणाले, "या दोघींना एका खोलीत आणायला आपण मेळावे भरवले, भाषणं ठेवली. रूझाबाईंनी ते नुसतं न पिऊन केलं."

"अहवालात कसं लिहायचं?" पाद्री विदोये चिंतेत पडले.

मला मात्र काही हसू आलं नाही. मुनिबाने माझ्याबरोबर एकाच बाकावर बसून अक्षरं गिरवली होती. आता रस्त्यात ती माझ्याकडे बघून डोक्याचा रुमाल नीट करायची आणि पुढे जायची.

तेवढ्यात कचेरीचं प्रकरण उपटलं. पाण्याचा झरा वरच्या नगरपालिकेच्या हद्दीत, पाणपोई खालच्या. वरचे म्हणाले, पाणी आमचं आहे पण ते खाली येतं त्याला आम्ही जबाबदार नाही. खालचे म्हणाले, पाणपोई नकाशात नाही, तेव्हा जी नाही ती कोरडी कशी पडेल? मी नकाशा आणला. साहेबांनी कॉफी मागवली. मी नको म्हणाले.

"बाई," साहेब पाठीमागे टेकून म्हणाले, "जो कचेरीत येऊन कॉफी पीत नाही तो घाईत असतो. घाईतल्या माणसाचं काम आमच्याकडे होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्तिपोला पाठवलं. तो सकाळी गेला आणि दुपारी दोन्ही पालिकांची परवानगी घेऊन आला. दोन्हीकडे त्याला कपावर कप प्यावे लागले होते.

"कसं काय जमवलंस?"

"खालच्या साहेबाबरोबर मी सैन्यात होतो. वरच्याबरोबर तो होता." मग खुर्चीत बसून डोळे मिटले. "ठीक आहे, रूझा. नवसाचं पुण्य तुला, आम्लपित्त मला."

घरोघरी संमतीला पण त्यालाच पाठवावं, असं मनात आलं. पण मुनिबाने त्याला दारातच सांगितलं, "तू पिऊन काय उपयोग? माझा राग तुझ्यावर नाहीच."

सल्ले मात्र भरपूर मिळत होते. एकीने सांगितलं, हातात कप धरून बस, ओठाला लाव आणि कुंडीत ओत. दुसरीने तिच्या चुलतबहिणीच्या सासूची हकीकत सांगितली, तिने एका वर्षी असंच केलं आणि ते जिरॅनियम अजून झोपत नाही. कुणी म्हणालं जवाची कॉफी पी, ती कॉफीत येत नाही. मी फ्रा याकोंकडे गेले.

"जवाची कॉफी ही कॉफी धरतात का हो?"

"विचारावंसं वाटलं म्हणजे धरतात," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "असं आहे तर. नवस."

मी मान खाली घातली.

"मी सोडवू शकतो तो. त्याऐवजी दुसरं काही करायचं."

"काय करू?"

"मुनिबाला खरं सांगून ये."

"फ्रा, ते कसं? आपला उपास आपण सांगत सुटायचं? ते मिरवणं झालं."

"रूझा," फ्रा याको म्हणाले, "सगळं गाव सकाळ-संध्याकाळ तुझ्या उपासाबद्दलच बोलतंय. फक्त त्याला उपास म्हणत नाही. याहून जास्त मिरवायचं तर बँड लावावा लागेल."

मी रागावून घरी आले. म्हणजे माझ्या पद्धतीने रागावले. दार नेहमीपेक्षा जरा हळू लावलं. जपमाळ घेऊन बसले, पण प्रत्येक मण्याला एकच विचार. मी नवस पाण्यासाठी केला होता, आणि पाण्याच्या वाटेत आता दरड नव्हती, मी होते. आणि एवढं सगळं होऊनही नवस मोडायला जीव धजत नव्हता. देवाच्या भीतीने म्हणावं, तर तसं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. इतके दिवस सोसल्यावर मोडायचं म्हणजे सोसलेलं वाया जाणार, असा तो वाण्याचा विचार होता.

जुर्जेव्दान उजाडला. त्याच दिवशी योवांकाच्या घरी त्यांच्या कुलसंताचा सण असतो. त्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. सगळ्यांनी आपण होऊन जायचं असतं, आणि न जाणारा आपोआप मोजला जातो. स्तिपो म्हणाला, "आजारी पड." पण खोटं बोलायचं नव्हतं. खोलीत गेले तर तिघे धर्मगुरू एका ओळीत, शेजारी मुनिबा हाताची घडी घालून, खिडकीशी शेफिकामावशी. नेर्मिन आदल्या दिवशीच आला होता. परवा सकाळी निघायचं होतं.

योवांकाने स्वतः तबक आणलं. थेट माझ्यासमोर. इमामसाहेब आपल्या मोज्यांकडे बघू लागले, पाद्री विदोयेंना छताचं काही तरी आठवलं.

"घे," योवांका म्हणाली. "माझ्या संताच्या नावाने देतेय. आज नको म्हणालीस की मग कधीच विचारणार नाही."

माझा हात पुढे गेला. खरंच गेला. संत आंतेची मनातल्या मनात माफीसुद्धा मागून झाली. पण माझ्या हाताच्या आधी एक वाळका हात आला आणि कप उचलून घेऊन गेला. शेफिकामावशीने ती कॉफी उभ्या उभ्या पिऊन टाकली आणि कप पालथा घातला.

"आई, तुला डॉक्टरने—" नेर्मिन उठला.

"डॉक्टर श्टुटगार्टला आहे. मी अजून इथे आहे." मग ती बायकांकडे वळली. "रूझाच्या राहिलेल्या कॉफ्या माझ्या नावावर. पाणपोईला पाणी आलं की ती येईल आणि तुमच्याकडे बसून एकेक पिईल. मी जामीन."

"सगळ्या?" मुनिबाने विचारलं.

"सगळ्या."

"माझ्याकडच्या मी मोजल्यात."

"ते कुणाला सांगायला नको, तू मोजणारच."

"पण कारण काय, मावशी? कारण तरी कळू दे."

"कारण तुझं नाही, तिचं आहे," मावशी म्हणाली. "तुला कॉफी हवीय की कारण?"

मुनिबाने बराच विचार केला. "कॉफी," ती म्हणाली.

योवांकाने तबक खाली ठेवलं. "मग उद्या खणा," म्हणाली. रादे तेवढा एकदम पांढरा पडला.

घरी येताना मी मावशीला हात धरून चढ उतरवला. "तुला कसं कळलं?" मी विचारलं. आणि विचारता विचारता लक्षात आलं की इतक्या दिवसांत हिने मला एकदाही कॉफी विचारली नव्हती. मी तेवढी सुटले म्हणून खूश होते.

"तुझी जेझ्वा माझ्या खिडकीतून दिसते," ती म्हणाली. "युद्धात माझा नवरा हमिद बेपत्ता होता तेव्हा माझी वर्षभर तशीच पालथी होती. तुझ्या आईने ती पाहिली. रोज यायची, पाणी मागायची, प्यायची, जायची. एका शब्दाने विचारलं नाही. हमिद आला त्या दिवशी तिनेच येऊन जेझ्वा सरळ केली."

आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं. सूचना तेवढी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खणायला सुरुवात झाली. मुनिबाच्या परड्यात काही निघालं नाही. योवांकाच्या अंगणात, बरोबर टोमॅटोखाली, कुदळ लाकडावर आपटली. इमामसाहेबांना वाटलं शवपेटी, त्यांनी सगळ्यांना मागे सारलं. पाद्री विदोयेंनी क्रुसाची खूण केली. निघालं एक पिंप, प्लमच्या दारूने भरलेलं, वर नळी लावून पानांत लपवलेलं. रादेला ती डॉक्टरने बंद केली होती आणि योवांकाने घरातून हद्दपार केली होती.

"म्हणून तू रोज संध्याकाळी गुडघ्यांवर बसून टोमॅटोशी बोलायचास," योवांका म्हणाली. आवाज चढवला नाही. रादेने त्या खड्ड्यात उतरून एकट्याने, कुणाची मदत न घेता, संध्याकाळपर्यंत पुढचा सगळा चर खणला. कुणी सांगितलं नव्हतं, पण तो वर यायला तयार नव्हता.

नळ जोडून झाला तेव्हा निघायची सकाळ झाली होती. नेर्मिनची गाडी सामानासकट चढावर उभी होती. वरून पाणी सोडलं. पाणपोई खोकली, गुरगुरली, मग तिच्यातून घट्ट तपकिरी धार आली.

"घ्या," स्तिपो म्हणाला. "संत आंतेने तयारच करून पाठवली."

कुणी हसलं नाही. आम्ही उभे राहिलो. धार काही नितळ होईना. नेर्मिन घड्याळाकडे बघत होता. सरहद्दीवर रांगा लागतात, पुढे ऑस्ट्रिया, त्यापुढे रात्रभर गाडी. मी शब्द दिला होता आणि माझ्या शब्दातून गाळ वाहत होता.

शेफिकामावशीने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, वाकून ती त्या गढूळ पाण्याने भरली आणि झाकण घट्ट लावलं.

"आई, हे काय नेतेस? सीमेवर विचारतील."

"सांगेन, माझ्या रस्त्यावरची माती आहे. तिथे पोचेपर्यंत बसेल खाली." मग माझ्याकडे वळली. "आज कुठला वार? शनिवार ना. मंगळवारी दुपारी, तुमची घंटा वाजून आमची बांग झाली की, मी तिथे कॉफी ठेवेन. तू इथे ठेव. माझ्या पायरीवर बसून. मग बाकीच्यांचं फेड."

"मंगळवारी, मावशी," मी म्हणाले. मोठ्याने. स्तिपोने वळून पाहिलं.

पाणी त्याच संध्याकाळी नितळ झालं. रविवारी मुनिबा बादली घेऊन आली, पाणी प्यायली, आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. "आलं ना पाणी? चल मग." मी म्हणाले, मंगळवारनंतर. "पाणी आलं तरी नाही?" ती म्हणाली, आणि थेट योवांकाकडे गेली. झाडाखालून वाकून. सोमवारी दोघींनी मिळून मला रस्त्यात ओळख दाखवली नाही. शांतता टिकवायला माझा एवढा उपयोग होत असेल तर असू दे, असं मी मनाला सांगितलं, पण मनाला ते काही पटलं नाही.

मंगळवारी मी मेणबत्ती लावून आले. खिडकीतली जेझ्वा सरळ केली, एक छोटा गॅस, कॉफीचा डबा आणि दोन कप टोपलीत घातले.

"मुनिबाच्या नऊ आहेत म्हणे," स्तिपो म्हणाला. "योवांकाच्या वेगळ्या. तू संत आंतेला समक्षच भेटून येशील."

घंटा झाली. बांग व्हायची होती. मी पाणपोईशी थांबून जेझ्वा भरली आणि चढाकडे निघाले. मुनिबा खिडकीत होती.

"रूझे, कुठे?"

"येते गं," मी म्हणाले. "आधी एक दुसरीकडची आहे."

तिने माझ्या टोपलीतले दोन कप पाहिले, वरचं बंद घर पाहिलं. मग "साखर काढून ठेवते," म्हणत खिडकी लोटून घेतली आणि आत स्वयंपाकघरात गेली. मी जेझ्वा हलू न देता, एकेक पाऊल टाकत चढू लागले.